स्पीकर आधी की अ‍ॅम्प्लिफायर? घरच्या उत्तम ऑडिओची जोडी जुळवण्याचा सगळा हिशेब

चांगल्या स्पीकरची जोडी आज एका स्कूटरच्या किमतीत येते. नामांकित कंपनीची वरच्या वर्गातली घेतली तर कारच्या किमतीतही जाते. एवढे पैसे घालून आणलेले स्पीकर घरी आल्यावर ‘आवाजात मजा नाही’ म्हणून पडून राहतात, किंवा पाहुण्यांसमोर जरा व्हॉल्यूम वाढवला आणि ट्वीटर जळाला, असं होतं. बहुतेक वेळा दोष स्पीकरचा नसतो आणि अ‍ॅम्प्लिफायरचाही नसतो. दोघांची जोडी जुळलेली नसते.

बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार या पट्ट्यात महागडा ऑडिओ ऐकून घ्यायची सोय फार थोडी. मग पुणे, मुंबई, बेंगळुरूच्या दुकानातून मागवायचं, नाहीतर ऑनलाइन. वीस-तीस किलोचा अ‍ॅम्प्लिफायर परत पाठवायचा तर पॅकिंग आणि वाहतूक मिळूनच चांगला फटका बसतो. म्हणून कान लावून घेता येत नसेल, तर निदान स्पेसिफिकेशनचा कागद वाचता आला पाहिजे. त्या कागदावरचे तीन आकडे महत्त्वाचे: डेसिबल, वॅट आणि ओहम. बाकीचे नंतर.

सुरुवात स्पीकरपासून

आवाजाचा स्वभाव सगळ्यात जास्त ठरवतात स्पीकर आणि खोली. दोन बऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक ओळखायला कान तयार लागतो. दोन स्पीकरमधला फरक घरातलं लहान मूलही सांगतं. म्हणून आधी खोलीला शोभेल असा स्पीकर ठरवा आणि मग त्याला चालवू शकेल असा अ‍ॅम्प शोधा. घरात आधीच चांगला अ‍ॅम्प असेल तर हाच हिशेब उलटा करायचा, एवढंच.

सेन्सिटिव्हिटी: स्पीकरचं ‘अ‍ॅव्हरेज’

गाडी घेताना आपण अ‍ॅव्हरेज विचारतो, तसा स्पीकर घेताना सेन्सिटिव्हिटीचा आकडा विचारावा. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट दिले की २ वॅट जातात. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबलने चांगला दिसतो, पण तो फायदा दुप्पट वॅट खाऊन मिळवलेला असतो. दोन स्पीकरची तुलना करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

घरगुती स्पीकर साधारण ८४ ते ९० डेसिबलमध्ये बसतात. दिसायला फरक सहाचा, पण डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात आणि १० डेसिबल वाढवायला दहापट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण ‘दुप्पट मोठा आवाज’ एवढीच वाटते. म्हणजे आवाज दुप्पट हवा तर वॅट दहापट!

लहान पेटी, खोल बेस आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्ही गोष्टी एका स्पीकरमध्ये मिळत नाहीत, दोनच मिळतात. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये ‘एआर-१’ हा बंद पेटीतला स्पीकर आणला. छोट्या पेटीतून खोल बेस आला, पण सेन्सिटिव्हिटी घटली आणि जास्त वॅटच्या अ‍ॅम्पची गरज वाढली. आजचे छोटे बुकशेल्फ स्पीकर हीच किंमत मोजतात.

तुमच्या घराला किती वॅट लागतात?

एक उदाहरण मांडू. तुम्ही स्पीकरपासून ३ मीटरवर बसता. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबल कमी झाले असते. खोलीत भिंतींवरून आवाज परततो आणि दुसऱ्या स्पीकरचीही भर पडते, म्हणून निव्वळ घट ५ डेसिबल धरू. स्पीकर ८७ डेसिबलचा असेल तर प्रत्येकी १ वॅटला खुर्चीपाशी ८२ डेसिबल मिळतील.

साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. मन लावून गाणं ऐकताना सरासरी ७५ पुरे होतात. त्यासाठी या स्पीकरला फक्त ०.२ वॅट लागतो. आश्चर्य वाटेल, पण बहुतेक वेळ आपले अ‍ॅम्प वॅटच्या अपूर्णांकातच चालतात. खरी गरज पडते ती उसळीच्या क्षणी: तबल्याची खणखणीत थाप, गायकाची अचानक उठलेली तान. असे क्षण सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. म्हणजे ९५ डेसिबलची सोय हवी. हिशेब असा येतो:

- ८४ डेसिबलचा स्पीकर: ४० वॅट
- ८७ डेसिबलचा स्पीकर: २० वॅट
- ९० डेसिबलचा स्पीकर: १० वॅट
- ९६ डेसिबलचा स्पीकर: अडीच वॅट

तुम्हाला याहून १० डेसिबल मोठ्याने ऐकायची सवय असेल तर प्रत्येक आकड्यापुढे एक शून्य लावा: ४००, २००, १०० आणि २५. एकाच अ‍ॅम्पबद्दल एक जण ‘बस झाला’ म्हणतो आणि दुसरा ‘पुरत नाही’ म्हणतो, ते यामुळेच. दोघंही खरं बोलत असतात.

कमी वॅटनेही स्पीकर जळतो

‘स्पीकर ६० वॅटचा आहे, म्हणून ३० वॅटचा अ‍ॅम्प घेतला, म्हणजे सुरक्षित’ हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. अ‍ॅम्पच्या ताकदीबाहेर आवाज मागितला की लहरीचे वरचे-खालचे टोक सपाट कापले जातात. त्याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लहरीत वरच्या स्वरांची ऊर्जा प्रमाणाबाहेर वाढते आणि ती सगळी नाजूक ट्वीटरकडे जाते. त्याची तार केसासारखी बारीक. ती तापते आणि जळते. आवाज कर्कश, फाटका येऊ लागला की लगेच व्हॉल्यूम कमी करावा. स्पीकरवर लिहिलेल्या वॅटइतका किंवा थोडा जास्त वॅटचा अ‍ॅम्प समंजस हातात जास्त सुरक्षित असतो. अर्थात मोठा अ‍ॅम्प बेताल वाजवला तर तोही वूफर फाडू शकतो.

वॅट कोणते मोजायचे, हेही पाहा. नव्वदच्या दशकातल्या म्युझिक सिस्टिमवर ‘पीएमपीओ’चे हजार-दोन हजार वॅटचे स्टिकर असायचे. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. खरे वॅट त्याच्या अगदी छोट्या हिश्श्याइतके. सलग देता येणारे आरएमएस वॅट पाहावेत, तेही दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू असताना, २० हर्ट्झ ते २० हजार हर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात आणि ठरावीक डिस्टॉर्शनच्या आत. अमेरिकेत असल्या फुगवलेल्या आकड्यांना आवर घालायला १९७४ मध्ये स्वतंत्र नियमच करावा लागला आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक केला गेला. कागदावर नुसतं ‘१०० वॅट’ लिहिलं असेल आणि पुढे ओहम, डिस्टॉर्शन काहीच नसेल, तर तो आकडा हिशेबात धरू नका. मिरवणुकीतल्या ‘डॉल्बी’चे वॅटही इथे लावायचे नाहीत. तो उघड्या रस्त्याचा मामला आहे.

ओहम: अ‍ॅम्पवर पडणारा भार

ओहमचा आकडा जितका लहान, तितका अ‍ॅम्पवर भार जास्त. ८ ओहमला ५० वॅट द्यायला अ‍ॅम्पला २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर लागतात. तेच २० व्होल्ट ४ ओहमला दिले तर ५ अँपिअर, २ ओहमला दिले तर १० अँपिअर. पॉवर सप्लाय भक्कम असेल तर अ‍ॅम्प ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला जवळजवळ १०० वॅट देतो. ‘८ ओहमला ५०, ४ ओहमला ६०’ असं लिहिलं असेल तर करंट देण्याची त्याची ऐपत बेताची आहे असं समजावं. आणि ४ ओहमचा आकडा दिलेलाच नसेल, तर ४ ओहमचे स्पीकर त्याच्या गळ्यात बांधू नयेत.

दुसरी गोष्ट, ‘८ ओहम’ हा नाममात्र आकडा असतो. प्रत्यक्षात स्वर बदलेल तसा भार बदलतो: एका ठिकाणी २० ओहम, दुसऱ्या ठिकाणी ४. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान भार नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली उतरू नये. पण सगळ्या कंपन्या हे पाळत नाहीत. म्हणून ‘मिनिमम इम्पीडन्स किती?’ हा प्रश्न दुकानदाराला किंवा कंपनीला ईमेलने जरूर विचारावा. हा आकडा ३ ओहमच्या खाली असेल तर करंटला खमका अ‍ॅम्प हवा.

एका चॅनलला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. ४ ओहमचे दोन जोडले की २ ओहम. ‘ए+बी’ बटण दाबून चार स्पीकर वाजवताना कित्येक अ‍ॅम्प गरम होऊन बंद पडतात, ते यामुळे.

मंदिरातला किंवा मंडळाचा पीए अ‍ॅम्प घरच्या स्पीकरला लावण्याचा मोह काहींना होतो. त्याच्या मागे ‘१०० व्होल्ट लाइन’ असं टर्मिनल असतं. ते भोंगे आणि कॉलम स्पीकरसाठी, ज्यांच्यात स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असतो. घरचा स्पीकर तिथे लावला तर एका क्षणात जाऊ शकतो.

चार प्रसिद्ध स्पीकर, चार स्वभाव

जोडी जुळवणं म्हणजे काय, हे चार नामांकित स्पीकर शेजारी ठेवले की पटकन कळतं.

बीबीसी एलएस३/५ए: बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा छोटा मॉनिटर बीबीसीने सत्तरच्या दशकात तयार केला. आत केईएफचे युनिट, मूळ भार १५ ओहम, पुढच्या आवृत्तीत ११ ओहम. सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डेसिबल, म्हणजे कमीच. भार हलका आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह अ‍ॅम्पही आरामात चालतो. पण ८ ओहमला ५० वॅट देणारा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प १५ ओहमला २७ वॅटच देईल, हे लक्षात घ्यावं. लहान खोली, जवळ बसून ऐकणं आणि गायकी, यासाठी हा स्पीकर आजही नावाजला जातो. मोठ्या हॉलमध्ये मात्र तो थकतो.

क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक: पीटर वॉकर यांचा १९५७ चा हा स्पीकर. यात कोन नाही. ताणलेला पातळ पडदा विजेच्या दाबाने हलतो. सोबतीला त्यांचाच १५ वॅटचा क्वाड-२ हा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प. वरच्या स्वरांना याचा भार २ ओहमच्या आसपास उतरतो आणि जास्त व्होल्टेज दिलं तर आत ठिणगी पडून पॅनल निकामी होऊ शकतो. इथे मोठा अ‍ॅम्प लावणं हेच नुकसानीचं.

क्लिप्शहॉर्न: पॉल क्लिप्श यांचा १९४६ चा कोपऱ्यात बसणारा भोंग्याचा स्पीकर. सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबलच्या वर. ३००बी व्हॉल्व्हचा ८ वॅटचा अ‍ॅम्पही घर भरून टाकतो. मात्र अ‍ॅम्पमध्ये जरा जरी खरखर किंवा गुणगुण असेल तर तीही ठळक ऐकू येते. शिवाय खोलीचे दोन कोपरे मोकळे हवेत, आणि आपल्या घरांत नेमका तिथेच दरवाजा असतो.

अपोजी सिंटिला: ऐंशीच्या दशकातला अमेरिकन रिबन स्पीकर, भार १ ओहम! २० व्होल्टला २० अँपिअर. चांगले चांगले अ‍ॅम्प याच्यापुढे हात टेकायचे. क्रेलसारख्या अवजड, करंट ओतणाऱ्या अ‍ॅम्पचं नाव याच काळात अशा स्पीकरमुळे झालं.

आता ३००बीचा अ‍ॅम्प सिंटिलाला आणि क्रेल जुन्या क्वाडला लावून पाहा. चारही वस्तू आपापल्या जागी अव्वल, पण एक जोडी आवाज देणार नाही आणि दुसरी स्पीकर घालवेल.

व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर की क्लास डी?

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो, फीडबॅक नसलेल्या अ‍ॅम्पमध्ये २ ओहमपर्यंतही. स्पीकरचा भार ४ ते २० ओहम असा हलत असेल तर अशा अ‍ॅम्पवर निव्वळ या कारणाने पावणेतीन डेसिबलचा चढउतार येतो. एकाच व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरवर फार बदलतो त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून व्हॉल्व्ह घ्यायचा तर भार सपाट आणि सेन्सिटिव्हिटी ९० च्या आसपास किंवा वर असलेला स्पीकर निवडावा. मागच्या ४ आणि ८ ओहमच्या टर्मिनलवर दोन्हीकडे लावून ऐकावं. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते. ट्रान्झिस्टरचं उलट: त्याच्या स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटता कामा नयेत.

क्लास ए अ‍ॅम्प गोड वाजतो, पण शेगडीसारखा तापतो. सतत २०० वॅट खेचणारा अ‍ॅम्प रोज ४ तास चालवला तर महिन्याला २४ युनिट. बिलात ते धरून चाला, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावर हवा खेळती ठेवा. क्लास एबी हा मधला मार्ग. क्लास डी हलका, थंड आणि बिलाला परवडणारा. दहा वर्षांपूर्वी त्याला नाक मुरडणारेही आता तो घेतात.

मधले दुवे: प्लेअर, प्रीअ‍ॅम्प, तार

सीडी प्लेअर आणि डॅकचा आउटपुट साधारण २ व्होल्ट. बहुतेक अ‍ॅम्प पूर्ण ताकदीला याहून कमी व्होल्ट मागतात, त्यामुळे व्हॉल्यूमचा खटका नऊच्या काट्यावरच आवाज मोठा होतो. त्यावरून अ‍ॅम्प ताकदवान आहे असं ठरवू नका.

प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प वेगळे घेणार असाल तर पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट असावा. व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्पला १० हजार ओहमचा ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प जोडला की बेस पातळ होतो, तो इथेच.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी: मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं आणि त्याला ४७ हजार ओहमचा इनपुट लागतो. मूव्हिंग कॉइल अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी देतं. त्याला आणखी दहापट गेन हवा. फोनो इनपुट नसेल तर वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प घ्यावाच लागतो. आजोबांच्या काळच्या ७८ च्या तबकड्या वाजवायच्या असतील तर सुई वेगळी लागते. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते.

तारेवर फार खर्च करू नका. इलेक्ट्रिशियन वापरतो ती २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार ५ मीटर नेली तर जाऊन-येऊन फक्त ०.०७ ओहम होतात. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या बारीक तारेत तेच ०.३४ ओहम. दोन्ही स्पीकरच्या तारा शक्यतो सारख्या लांबीच्या आणि प्लस-मायनस बरोबर. एक तार उलटी लागली तर बेस गायब होतो आणि गायक मधोमध न दिसता खोलीभर पसरतो.

खोली आणि आपलं गाणं

१२ बाय १० ची काँक्रीटची खोली, उंची १० फूट. १२ फुटांच्या बाजूने ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या बाजूने ५६ हर्ट्झला बेस घुमतो. रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५६ चा घुमारा दुप्पट जाणवतो. अशा खोलीत मोठे टॉवर स्पीकर आणून बेस ‘बूम बूम’ करायला लागला तर अ‍ॅम्प बदलून काही होत नाही. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा, गालिचा टाका, पुस्तकांचं कपाट ठेवा. जुन्या कौलारू घरात उलट, बेस कौलांतून निघून जातो आणि आवाज मोकळा लागतो.

काय ऐकता, तेही पाहा. काळी एकचा षड्ज १३८ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ हर्ट्झ. म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, अभंग हेच मुख्य असेल तर ५५-६० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा स्पीकर पुरतो. खाली २५ हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या स्पीकरसाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व असोत की धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, त्यांच्या ध्वनिमुद्रणात ऐकायचं असतं ते मधल्या स्वरांत आणि श्वासात. परीक्षेसाठी तानपुरा लावा. चार तारा वेगवेगळ्या कळल्या आणि त्यांच्यातून उठणारी गुंजन हवेत राहिली, तर जोडी जमली म्हणावं. नुसतीच भणभण ऐकू आली तर पुढे जा.

परदेशातून किंवा जुना माल घेताना

अमेरिकेतला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा, जपानचा १०० व्होल्टचा; आपल्याकडे २३० व्होल्ट. मागे व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. ६० हर्ट्झवर ठरलेल्या मोटरचा टर्नटेबल आपल्या ५० हर्ट्झवर संथ फिरतो, ते ट्रान्सफॉर्मरने सुधारत नाही. जुन्या स्पीकरची फोमची किनार हाताने हलकेच दाबून पाहा. फोम काही वर्षांनी भुगा होतो, आणि खानापूर-गोव्याच्या दमट हवेत त्याची काळजी जास्तच घ्यावी लागते. रबरी किनार जास्त टिकते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तरच लावा.

पैसे देण्यापूर्वी सहा प्रश्न

१. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टला किती, आणि किमान भार किती ओहम?
२. अ‍ॅम्प ८ आणि ४ ओहमला सलग किती वॅट देतो, दोन्ही चॅनल चालू असताना?
३. माझ्या खुर्चीपासून स्पीकर किती मीटरवर, आणि मला केवढ्याने ऐकायचंय?
४. फोनो इनपुट आहे का, कोणत्या कार्ट्रिजसाठी?
५. वॉरंटी भारतातल्या अधिकृत वितरकाची आहे का, आणि सर्व्हिस सेंटर कोणत्या शहरात?
६. जीएसटीचं पक्कं बिल मिळणार का, आणि माल परत करायचा झाल्यास वाहतूक कुणाकडे?

पाचवा आणि सहावा प्रश्न सीमाभागातल्या ग्राहकाने लेखी विचारावा. माल पुण्याहून आला, सर्व्हिस बेंगळुरूला आणि आपण मध्ये बेळगावात, अशा वेळी फोनवरच्या शब्दाला किंमत राहत नाही. आणि शक्य असेल तर स्पीकर महिनाभर आधी घ्या, अ‍ॅम्प ओळखीच्याकडून दोन दिवस मागून आणा, आपल्या खोलीत आपलं गाणं लावा. त्यानंतरच दुसरा चेक फाडा.